मॅडमचं हँडल

६ जानेवारी, मंगळवार

आज डेपोत म्हातारीला कापताना बघितलं. बघायचं नव्हतं, पण कॅन्टीनची वाट त्या शेडवरूनच जाते. गॅसकटरवाला माझ्याच केबिनच्या दाराशी उकिडवा बसून मजेत शीळ घालत होता, आणि दार पत्र्याचा डबा उघडावा तसं उघडत होतं. मी तिथेच थिजलो. चहा प्यायचाही राहिला. ज्या गाडीला जन्मभर शिव्या घातल्या तिच्यासाठी मी चहा सोडीन असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

ही भुयारी लाईन सुरू झाली तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, पहिल्या ड्रायव्हरांपैकी एक होते. तेव्हा लाकडी बाकं होती आणि डब्यात पिवळे दिवे. नदीखालच्या बोगद्यात गाडी शिरली की भलेभले पुरुष मुलांना घट्ट धरून बसायचे म्हणे. आण्णांनी मला एकच गोष्ट घोटून शिकवली. म्हातारीचं हँडल सतत दाबून धरावं लागायचं. हात सुटला की ब्रेक आपोआप लागायचा, म्हणजे ड्रायव्हरला चक्कर आली तरी गाडी थांबणार. आण्णा म्हणायचे, "घाबरलास तर उगाच काही करायला जाऊ नकोस. नुसता हात सोड." मला त्याची गरज कधी पडली नाही. मी घाबरणाऱ्यांतला नाही.

घरी येऊन सांगितलं तर बायको हळहळली. लेक मात्र ताटात बोटं फिरवत बसली. तीही याच लाईनवर नोकरीला आहे, कंट्रोल रूममध्ये, कॉम्प्युटरवाल्यांत. तिसरी पिढी. फक्त ही बोगद्यात उतरत नाही, काचेमागे बसते.

१६ जानेवारी, शुक्रवार

नव्या गाडीला आम्ही मॅडम म्हणतो. दिसायला झुळझुळीत, आवाज नाही, आणि कुणाचं ऐकेल असं वाटत नाही. पहिल्या दिवशी मीही जरा बिचकलो होतो. पण साहेबांनी प्रशिक्षणात सांगितलं तसंच आहे: "चालवायची तुम्हीच. यंत्रणा फक्त हाताला हात लावणार."

आता मॅडम माझ्या मुठीत आहे. हँडल इतकं हलकं की खेळण्यातलं वाटावं, पण फलाटावरच्या खुणेसमोर दार येतं म्हणजे येतं, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, आमचीही तशीच येते. येत असेल. पण माझ्यासारखी हळुवार नाही. म्हातारीला मी जसं थांबवायचो, शेवटी जरा सोडून पुन्हा धरून, तस्संच ही थांबते. गाडीला हात ओळखता येतो, हे मी लेकीला म्हटलं. तिने पाणी प्यायला उठून जाऊन बराच वेळ लावला.

२९ जानेवारी, गुरुवार

आज गंमत झाली. बायकोच्या गुडघ्याचा विचार करत होतो, ऑपरेशन करावं की न करावं, आणि बघतो तर चौकाचं स्टेशन आलेलं, गाडी थांबलेली, दारं उघडलेली. ब्रेक कधी लावला मला आठवतसुद्धा नाही. अनुभव म्हणतात तो हाच. मनाला कळायच्या आत हात काम करून मोकळा होतो.

हे मोठ्या तोऱ्यात घरी सांगितलं. लेक म्हणाली, "बाबा, थोडे दिवस रजा घ्या ना. आईचा गुडघा होऊन जाईल." मी म्हटलं, नव्या गाडीची चाचणी ऐन रंगात आली असताना मी रजा घेऊ? तिला काय, काचेमागे बसायचं असतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज अक्षर कसं येतंय कोण जाणे.

सकाळी बाजार स्टेशनात गाडी शिरत होती. तिथे भिंतीच्या जुन्या फरशा काढून नव्या लावायचं काम चाललंय, अर्ध्या फलाटाला पत्रे लावलेत. बोगद्याच्या तोंडाशी, पत्र्यांच्या कडेला, एक बाई उभी होती. गळ्यात शिंप्याची मोजपट्टी. एवढं मला स्पष्ट आठवतं, की मनात आलं, घाईत पट्टी काढायची राहिली वाटतं. पुढच्या क्षणाला ती फलाटावर नव्हती, रुळांत होती, माझ्या समोर होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी हँडल ओढलं. जीव खाऊन ओढलं. गाडी किंचाळली, मी काचेवर आदळलो, आणि सगळं थांबलं. खाली उतरलो. बघितलं तर ती दोन रुळांच्या मध्ये बसलेली, गाडीच्या नाकापासून हाताच्या अंतरावर. अंगावर ओरखडा नाही. मी तिला म्हटलं, "बाई, लागलं का?" ती म्हणाली, "थांबली?" मी म्हटलं, "हो, थांबली." ती तेच पुन्हा विचारत राहिली. मी मान हलवत राहिलो.

वर फलाटावर फरशीकामाचं पाणी सांडलेलं होतं. मी त्या ठेकेदाराच्या माणसाला असा फैलावर घेतला की त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माणसं घसरून मरतील, अक्कल आहे का? तिच्या चपला तिथेच पत्र्याशी होत्या, जोडीने. घसरताना चपला अशा नीट कशा राहतात देव जाणे. मी त्या उचलून तिला आणून दिल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्याला डोळा नाही. मिटले की ती समोर.

बायकोला सगळं पुन्हा सांगितलं. ती ऐकत होती आणि मध्येच म्हणाली, "चपला कुठे होत्या म्हणालात?" मी सांगितलं, पत्र्याशी, जोडीने. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तिचा पत्ता असेल ना कुणाकडे? मला द्या." मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "पडदे आखूड करायचेत."

डेपोत मात्र मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलंय. युनियनचा सेक्रेटरी, ज्याला आम्ही वकील म्हणतो (कोर्टाची पायरीही चढलेला नाही, पण वाद घालायला उठला की ऐकायचं नाव नाही), त्याने मला मिठीच मारली. "बघितलंत? यंत्राला डोळे असते का? माणूस होता म्हणून बाई वाचली." हरभऱ्याच्या झाडावर चढवतोय हे कळत होतं, तरी बरं वाटलं.

लेकीने सांगितलं, "बाबा, याबद्दल बाहेर फार बोलू नका." आमच्या घरात कौतुकाचा दुष्काळच आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

शिंपीणबाई आज घरी आल्या. वय असेल चाळिशीचं. घरी एकट्याच असतात, एवढंच बोलल्या. दारात चपला काढून अगदी जोडीने भिंतीशी लावल्या आणि सोफ्याच्या टोकावर टेकल्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं आता आभार मानतील. मी "अहो, त्यात काय, कर्तव्यच आहे" असं तयारही ठेवलं होतं. पण त्या काही बोलल्याच नाहीत.

मग मीच सगळं सांगितलं. हँडल कसं ओढलं, किती जोर लागला, किती थोडक्यात वाचल्या. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुरे आता. त्यांना पडदे बघू द्या."

पडदे चांगले होते. जमिनीला जरासे टेकत होते एवढंच. आता बायकोने बैठकीचे आखूड करायला दिलेत, आणि ते झाले की आतल्या खोलीचे, आणि त्यानंतर उशांचे अभ्रे. दर दोन दिवसांनी येऊन थोडं थोडं करायचं, इथेच बसून, आमच्या मशीनवर. मी म्हटलं, त्यांच्या दुकानात एका दिवसात होईल की सगळं. बायको म्हणाली, "तुम्ही गाडी चालवा."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्चमध्ये शहराच्या परिवहन समितीपुढे सुनावणी आहे. मॅडमला ड्रायव्हरशिवाय सोडायची परवानगी द्यायची की नाही, हे ठरणार. परवानगी मिळाली तर आम्ही सगळे फलाटावर, प्रवाशांना रस्ता दाखवायला. आण्णांपासूनची केबिन बंद.

युनियनतर्फे मी बोलायचं असं वकिलाने ठरवलंय. शिंपीणबाईंनाही बोलावलंय, पहिल्या रांगेत बसायला. बोलायचं काही नाही, नुसतं दिसायचं. त्या आधी नको म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाल्या. बायकोने वकिलाला दारातच सुनावलं, "त्या बाईला तमाशाला कशाला बसवता?" मला राग आला. माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आणि हिला तमाशा वाटतो.

१५ मार्च, रविवार

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

दुपारी आरशापुढे उभा राहून भाषणाची तालीम करत होतो. "यंत्राला थांबवता येतं, पण थांबावंसं वाटत नाही," हे वाक्य मला फार आवडलं होतं. लेक दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा, ते बोलू नका. तुमचं हसं होईल."

मी म्हटलं, का?

"हँडल जोडलेलं नाही."

मला वाटलं, काहीतरी बिघाड झालाय. म्हटलं, कधीपासून? डेपोत कळवलं का?

"पहिल्या दिवसापासून, बाबा. कुणाचंच नाही. गाडी आपली आपण चालते. तुम्ही ओढा, ढकला, सोडा, तिला कळतसुद्धा नाही. केबिनमध्ये माणूस दिसला की लोकांना धीर वाटतो, आणि आधी सांगितलं असतं तर तुम्ही संप केला असता, म्हणून."

मी खुर्ची शोधली. म्हटलं, "अगं, पण ती तर माझ्यासारखी थांबते."

ती रडायलाच लागली. म्हातारीवर गेल्या वर्षी मोजमापाची यंत्रं बसवली होती, ती सगळ्या ड्रायव्हरांचे हात टिपायला. मॅडमला थांबायला शिकवायचं काम हिच्याकडे आलं, आणि हिने त्यात माझ्या फेऱ्या निवडल्या. "मला वाटलं, तुमचा हात राहील तरी." मी म्हटलं, मला विचारायचं होतंस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर नोकरी गेली असती." मी म्हटलं, "मग माझं काय गेलं ते बघ."

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बाजार स्टेशनाचं मी विचारलंच. म्हटलं, त्या दिवशी तरी? त्या दिवशी मी ओढलं होतं.

तेव्हा ती माझ्या शेजारी खाली बसली. केबिनमध्ये कॅमेरा असतो. चित्रण तिने बघितलंय. गाडीने ब्रेक आधीच लावला होता. मी हँडल ओढलंच नव्हतं. माझे दोन्ही हात माझ्या तोंडावर होते. डोळे झाकून बसलो होतो, गाडी थांबल्यावरही.

"खोटं आहे," मी ओरडलो. माझ्या तळव्याला अजून त्या हँडलचा जोर आठवतोय. ती पुढे काहीतरी सांगत होती, "आणि बाबा, समोरचा कॅमेरा पण..." मी ऐकून घेतलं नाही. बाहेर जा म्हटलं. माझ्या लेकीला मी जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं.

१६ मार्च, सोमवार

आज करून बघितलं.

नदीखालच्या बोगद्यात हँडलवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. म्हातारी असती तर तिथेच गचका देऊन उभी राहिली असती. मॅडम गेली तशीच गेली. वळणावर हळू झाली, पुढे वेग घेतला, स्टेशनात शिरली आणि शेवटी जरा सोडून पुन्हा धरून, अगदी माझ्यासारखी, खुणेवर थांबली. दारं उघडली. लोक उतरले, चढले. एका लहान मुलीने काचेतून मला हात केला. मीही केला.

परतीच्या फेरीत पुन्हा बघितलं. तेच. मग लाज वाटून हात हँडलवर ठेवला आणि तसाच ठेवून बसलो.

१८ मार्च, बुधवार

सुनावणीला जायचं नाही असं ठरवलं होतं. वकील घ्यायला आला. त्याला काही सांगायची हिंमत झाली नाही. वाटेत तो हातवारे करत बोलत होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. लेकीशी तीन दिवस बोललो नव्हतो. ती साहेबांच्या मागे, कॉम्प्युटरपाशी बसली होती.

पहिल्या रांगेत शिंपीणबाई आणि बायको. समितीच्या अध्यक्षबाई मध्ये. माझं नाव पुकारायच्या आधीच साहेब उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "बाजार स्टेशनच्या घटनेबद्दल बरंच बोललं जातंय. आम्ही चित्रणच आणलंय. केबिनमधलं आहे, आणि गाडीच्या समोरच्या कॅमेऱ्याचंही आहे. ड्रायव्हरने काय केलं ते दिसेल, बाई कशा घसरल्या तेही स्पष्ट दिसेल."

मी घाबरून शिंपीणबाईंकडे बघितलं, की आता यांच्यासमोर माझी अब्रू जाणार. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतका, की मला माझं विसरायला झालं. बायकोने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं तिने माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

आणि मला चपला आठवल्या. पत्र्याशी जोडीने. आमच्या दारात भिंतीशी जोडीने. ज्याला आत जायचं असतं तो चपला काढून ठेवतो. आणि पडदे, जे आखूड करायची काही गरज नव्हती. अभ्रे. "थांबली?" असं पुन्हा पुन्हा विचारणं. मी महिनाभर या बाईला समोर बसवून तिला ऐकवत होतो की मी तिला कसं वाचवलं.

साहेबांनी लेकीला खूण केली, लाव म्हणून. लेक माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात बटणावर होता आणि हलत नव्हता.

मी उठलो. कुणी बोलवायच्या आधीच बोललो. "लावायची गरज नाही. मीच सांगतो. मी हँडल ओढलं नाही. मी दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. गाडी आपली आपण थांबली. मी नसतो तरी थांबली असती. बाई ओल्या फरशीवरून घसरल्या, त्यात वाद नाही, ते पाणी मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. साहेबांना जे सिद्ध करायचंय ते मी कबूल केलं. आता ते दाखवून काय मिळवणार?"

वकील तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. अध्यक्षबाईंनी विचारलं, "हँडल जोडलेलं नाही, हे तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "परवा सोडून बघितलं, तेव्हा कळलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं मात्र लिहून घ्या." त्या साहेबांकडे वळल्या, आणि साहेबांचा गोड आवाज जरा बसला. चित्रण काही लागलं नाही.

परवानगी मिळाली. ड्रायव्हरांना अंधारात ठेवल्याबद्दल साहेबांना ताशेरे, आणि आम्हाला फलाट. बाहेर आल्यावर वकील म्हणाला, "तू आमचा गळा कापलास." खरंच आहे ते. मी त्याला कारण सांगू शकत नव्हतो. पुढेही सांगू शकणार नाही.

घरी लेक माझ्यासाठी चहा घेऊन आली. मी कप घेतला. म्हटलं, "बटण दाबलं नाहीस ते बरं केलंस." ती म्हणाली, "दाबणारच नव्हते."

२२ मार्च, रविवार

शिंपीणबाई आल्या. अभ्रे कधीच संपलेत, आता बायकोने त्यांना शेजारणींची कामं मिळवून दिलीत. आज त्यांच्या हातात पिशवी होती. त्यातून एक उशी काढून माझ्यापुढे ठेवली. खुर्चीवर पाठीशी घ्यायची, जाड कापडाची, कडांना दुहेरी शिवण. म्हणाल्या, "केबिनमधल्या खुर्चीसाठी शिवत होते. आता खुर्चीच गेली."

बायको आतून बाहेर आली नाही. मुद्दामच.

मी म्हटलं, "बाई, मी तुम्हाला इतके दिवस खोटं सांगत होतो. मला माहीत नव्हतं खोटं आहे ते. पण मी ओढलं नव्हतं."

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडेच बघत होते ना. काचेत दिसत होतं. तुम्ही दोन्ही हात तोंडावर घेतले होते." थोडा वेळ उशीची शिवण बोटाने चाचपत राहिल्या. "त्या दिवशी मला वाटत होतं, आपण गेलो काय, राहिलो काय, कुणाला काही नाही. आणि हा कोण कुठला माणूस, ह्याला माझ्याकडे बघवेना."

म्हटलं, "मग इतके दिवस माझी बढाई ऐकून घेतलीत? बोलला का नाहीत?"

त्या पहिल्यांदाच हसल्या.

"तुम्ही तरी माझ्या चपलांचं कुठे बोललात? हातात आणून दिल्यात, आणि एका शब्दाने विचारलं नाहीत. घसरलात म्हणालात, आणि जगालाही तेच सांगत राहिलात. मी म्हटलं, एवढा समजूतदार माणूस आहे, राहू दे त्याचं हँडल त्याला."

मी तोंड उघडलं होतं. सांगणार होतो, की बाई, मला कळलंच नव्हतं हो, मी ठार आंधळा होतो, बुधवारी त्या सभागृहात कळलं. पण त्या माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती बघून मी तोंड मिटलं. उशी मांडीवर घेऊन बसून राहिलो.

२ एप्रिल, गुरुवार

मॅडम आजपासून एकट्या. आम्हाला स्टेशनं निवडायला सांगितली होती. चौकाचं स्टेशन घरापासून जवळ आहे, पंखे आहेत. मी बाजार मागून घेतलं. वकील म्हणाला, भर गर्दीचं स्टेशन मागणारा तूच एक शहाणा.

फरशांचं काम झालंय, पत्रे निघालेत. बोगद्याच्या तोंडाशी स्टूल टाकून, उशी पाठीशी घेऊन बसलो. गाड्या आल्या आणि गेल्या, खुणेवर थांबल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दिवसभर लोकांच्या पायांकडे बघत होतो.